डाळिंबाची साल आणि सोलापूरचं ऊन

सोलापूरचं ऊन ही काही बढाई मारण्यासारखी गोष्ट नाही, पण आम्ही मारतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की पुण्यातल्या नातेवाइकांना फोन करून मुद्दाम आकडा सांगायचा, आणि त्यांनी "इकडे पण ३८ आहे हो" म्हटलं की गालातल्या गालात हसायचं, ही आमची उन्हाळ्यातली करमणूक. मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गडप होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा गावात कुणी "डाळिंबाच्या सालीपासून नैसर्गिक सनस्क्रीन" असं म्हटलं तर कान टवकारले जाणारच. ऊन आमचं, डाळिंब आमचं, आणि साल तर फुकट! गेली काही वर्षं हा विषय सारखा कानावर येतो आहे. कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, बचत गटांच्या प्रदर्शनातल्या छोट्या डब्या, मोबाईलवर फिरणारे 'घरच्या घरी'वाले व्हिडिओ. तसा तो फक्त आपल्याकडचा नाही. द्राक्षाचा चोथा, कांद्याची टरफलं, संत्र्याची साल, कॉफीचा गाळ, अशा टाकाऊ गोष्टींतून उन्हापासून बचाव करणारी प्रसाधनं बनवायचे प्रयोग जगभर चालू आहेत.

मला हा विचार मनापासून आवडतो. पण त्याच्या नावाखाली जे विकलं जातंय त्याबद्दल मला बरंच म्हणायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर साल गुणाची आहे, पण तिला भलत्याच कामाला जुंपलं जातंय. आता सविस्तर.

आधी सालीची बाजू. सोलापूर जिल्हा म्हणजे डाळिंबाचं आगर. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस हा कमी पावसाचा मुलूख, हलकी मुरमाड जमीन, आणि त्यावर लालभडक भगवा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली इथेच, केगावला सुरू झालं. 'सोलापूर डाळिंबा'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मधल्या काळात तेल्या रोगाने बागाच्या बागा खाल्ल्या, मग खोडाला भोकं पाडणारी कीड आणि मर रोग यांना कंटाळून सांगोल्याकडे कित्येकांनी उभी झाडं उपटून टाकली. तरीही डाळिंब टिकून आहे. चिवट झाड आणि त्याहून चिवट शेतकरी.

आता एक फळ फोडा. साल आणि आतले पिवळे पापुद्रे मिळून फळाच्या वजनाच्या साधारण ४० टक्के तरी भरतात. म्हणजे अडीच किलो डाळिंबं आणली तर त्यातलं किलोभर आपण विकत आणून फेकून देतो. घरात ते जाणवत नाही, पण जिथे रस काढतात किंवा दाणे काढून पाकिटं भरतात तिथे सालींचा ढीग लागतो. शिवाय तडकलेली, डाग पडलेली फळं बांधावर टाकलेली असतात ती वेगळीच.

आपल्या आज्यांना ही साल टाकाऊ वाटत नव्हती. बटव्यात वाळलेल्या सालीचे तुकडे असायचेच. जुलाबावर काढा, खोकल्यावर चघळायला, मंजनात पूड. रंगारी हिरड्याच्या जोडीला हीच साल वापरायचे आणि कातडी कमावतानाही ती उपयोगी पडायची. या सगळ्या उपयोगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तुरटपणा. म्हणजे टॅनिन. डाळिंबाच्या सालीत ते भरपूर असतं. त्यातल्या मुख्य द्रव्याला प्युनिकॅलॅजिन म्हणतात, आणि ते फुटलं की त्यातून इलॅजिक आम्ल मिळतं.

ही द्रव्यं अतिनील किरण शोषतात, ही गोष्ट खरी आहे. उन्हामुळे कातडीत जे विध्वंसक कण तयार होतात त्यांना आवरण्याची ताकदही त्यांच्यात चांगली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीच्या पेशींवर डाळिंबाचा अर्क वापरून नुकसान कमी झाल्याचं दिसलेलं आहे. २०१९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७४ स्त्रियांपैकी काहींना १२ आठवडे डाळिंबाचा रस, काहींना अर्काच्या गोळ्या आणि काहींना नुसत्याच दिखाऊ गोळ्या दिल्या होत्या. रस आणि अर्क घेणाऱ्यांची कातडी लाल व्हायला आधीपेक्षा जास्त अतिनील किरण लागू लागले. (हे पोटात घेतल्याचं, बरं का. चेहऱ्याला फासल्याचं नव्हे.) तेव्हा साल म्हणजे नुसती भोंदूगिरी, असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही.

गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. "अतिनील किरण शोषते" आणि "सनस्क्रीन आहे" या दोन वाक्यांत केगाव ते काश्मीर एवढं अंतर आहे.

सनस्क्रीनच्या ट्यूबवर एसपीएफ म्हणून जो आकडा असतो तो काय असतो? उघडी कातडी लाल व्हायला जेवढे अतिनील किरण लागतात, त्याच्या किती पट किरण क्रीम लावल्यावर लागतात, तो आकडा. ३० म्हणजे तीसपट. १५ आकड्याचं क्रीम भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवतं, ३० चं ९७ आणि ५० चं ९८. हा आकडा माणसाच्या पाठीवर क्रीम लावून, कृत्रिम ऊन पाडून, कातडी कधी लाल होते ते बघून काढतात. क्रीमचं प्रमाणही ठरलेलं, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. खर्चिक, वेळखाऊ काम आहे.

आता आपल्या कॉलेजांतल्या प्रोजेक्टांत काय होतं? साल वाळवायची, पूड करायची, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, तो काचेच्या छोट्या कुपीत भरून यंत्रात ठेवायचा आणि २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात तो किती किरण शोषतो ते मोजायचं. मग ते आकडे एका सूत्रात घातले की एसपीएफ हजर! हे सूत्र मन्सूर आणि त्यांच्या ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे, चार नमुन्यांत उजवा कोणता ते चाळायला उपयोगीही आहे. पण कुपीतला पारदर्शक द्रव म्हणजे कातडीवरचा थर नव्हे. कातडी खडबडीत असते, तिला घाम येतो, क्रीम कुठे जाड बसतं कुठे पातळ, आणि उन्हात काही द्रव्यं स्वतःच विघटित होतात. कुपीत १५ आला म्हणून गालावर १५ येईल असं मुळीच नाही. प्रोजेक्टमध्ये हे लिहिलेलं असतं कधीकधी, शेवटच्या पानावर. डबीवर येताना नेमकं तेवढं गळतं.

शिवाय एक अडचण सालीच्या स्वभावातच आहे. इलॅजिक आम्लाची शोषणाची ताकद दोन ठिकाणी जोरात असते, एक २५० नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरी ३६० च्या आसपास. त्यातला पहिला पट्टा आपल्या कामाचाच नाही, कारण ते किरण वातावरणातला ओझोनच अडवतो. दुसरा पट्टा कातडी काळवंडवणाऱ्या किरणांचा, तो उपयोगाचा. पण कातडी भाजणारे किरण ३०० च्या अलीकडे-पलीकडे असतात, म्हणजे या दोन डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात. सालीत इतरही द्रव्यं असतात आणि ती थोडी भर घालतात, पण नुसत्या सालीच्या जिवावर मे महिन्यात बाहेर पडावं असं काही त्यातून हाती लागत नाही.

म्हणूनच असेल, युरोप काय किंवा अमेरिका काय, सनस्क्रीनमध्ये किरण अडवायला म्हणून ज्या द्रव्यांना मान्यता आहे त्यांच्या यादीत वनस्पतीचा एकही अर्क नाही. एकही नाही. अर्क क्रीममध्ये घालायला बंदी नाही, पण मुख्य काम करणारा गडी म्हणून त्याला कुणी मानलेलं नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आम्हाला नॅनोमीटर सांगू नका, अनुभवाचं सांगा. ठीक आहे. मग कुठल्याही डाळिंब बागायतदाराला विचारा.

आंबे बहाराची फळं ऐन एप्रिल-मेमध्ये झाडावर वाढत असतात. त्या दिवसांत बागायतदाराची एक मोठी काळजी कसली असते? फळाला ऊन लागण्याची. ज्या बाजूने दुपारचं ऊन पडतं त्या बाजूची साल आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळपट होते, चट्टा पडतो, आतले दाणे फिकट राहतात. असं फळ बाजारात कुणी उचलत नाही. त्यावर उपाय म्हणून केओलिनची, म्हणजे एका पांढऱ्या मातीची, फवारणी करतात. बाग दुरून चुना उडवल्यासारखी दिसते. काही जण झाडांवर पातळ पांढरं कापड टाकतात. आणि ज्याला ते परवडत नाही तो जुन्या साड्या आणतो. रंगीबेरंगी साड्या पांघरलेल्या डाळिंबाच्या ओळी सांगोल्याच्या बाजूला अनेकांनी पाहिल्या असतील.

म्हणजे बघा, जी साल जिवंत आहे, झाडावर आहे, रसाने भरलेली आहे, तिलाही सोलापूरच्या उन्हापासून वाचवायला माती आणि साडी लागते. तीच साल वाळवून, कुटून, त्यातला शेकडा एक-दोन भाग क्रीममध्ये मिसळून आपण गालाला लावणार, आणि ती आपल्याला वाचवणार?

मला या उदाहरणात आणखी एक गंमत दिसते. केओलिन म्हणजे पांढरी माती, उन्हाचे किरण परतवणारी. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साईड हीसुद्धा पांढरी खनिज भुकटीच. ते मुख्यतः किरण शोषतं, थोडे परतवतं, पण तत्त्व तेच, कातडीवर खनिजाचा थर द्यायचा. शेतकऱ्याने आपल्या फळासाठी जे निवडलं ते अगदी योग्य निवडलं. पहिलं खनिज, दुसरं कापड.

"पण नैसर्गिक आहे ना, निदान अपाय तरी नाही," हा पुढचा युक्तिवाद. तो तर मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

पहिला अपाय खोट्या भरवशाचा. डबीवर 'सनस्क्रीन' लिहिलं की माणूस निर्धास्तपणे उन्हात जास्त वेळ थांबतो. ज्या कंपन्या नीट कारखाने काढून बसल्यात त्यांचाही आकडा दर वेळी खरा निघतो असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या 'चॉइस' या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये २० सनस्क्रीन तपासली, त्यातली १६ डबीवरच्या आकड्यापर्यंत पोचली नाहीत. ५०+ लिहिलेलं एक तर त्यांच्या चाचणीत ४ वर निघालं. मग मिक्सरमधून काढलेल्या पुडीच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

दुसरा अपाय थेट वनस्पतीचाच. सगळ्या वनस्पती ऊन अडवतात असं नाही, काही ऊन ओढवून आणतात. लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात गेलं तर कातडी अक्षरशः भाजते, फोड येतात आणि नंतरचे काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. आपल्या वैद्यांना याच जातीचा एक गुण चांगला ठाऊक होता. कोडावर बावची लावून रोग्याला उन्हात बसवायचं, म्हणजे त्या जागी रंग परत यावा. वनस्पती आणि ऊन यांचं नातं किती नाजूक असतं हे जुन्या माणसांना कळत होतं. आज "लिंबू लावा, टॅन घालवा" असं बिनदिक्कत सांगणाऱ्या व्हिडिओवाल्यांना ते कळत नाही.

तिसरी गोष्ट फवारण्यांची. डाळिंब हे भरपूर फवारण्या लागणारं पीक आहे. तेल्यासाठी बोर्डो मिश्रण, तांब्याची इतर औषधं, स्ट्रेप्टोसायक्लिन, शिवाय किडींसाठी वेगळी औषधं, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. दाणे खाणाऱ्याला निसर्गानेच सालीचं वेष्टण दिलंय, फवारा पडतो तो सालीवर. म्हणजे आपण जे वेष्टण सौंदर्यप्रसाधन म्हणून वापरणार तेच सगळ्यात जास्त माखलेलं. परदेशात जाणाऱ्या फळांचे उर्वरित अंश काटेकोर तपासतात. बांधावरून उचललेल्या तडकलेल्या फळांच्या साली कोण तपासतं? साल वापरायचीच तर ती कुठल्या बागेतली, शेवटची फवारणी कधीची, हे आधी विचारायला हवं.

याचा अर्थ बाजारातली सगळी सनस्क्रीन उत्तम, असाही नाही. हवाई बेटांच्या सरकारने २०१८ मध्ये कायदा करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर जानेवारी २०२१ पासून बंदी घातली, समुद्रातल्या प्रवाळांना अपाय होतो म्हणून. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड ही दोनच द्रव्यं सुरक्षित आणि परिणामकारक धरली होती, बाकीच्या बहुतेकांबद्दल आणखी माहिती मागितली होती. तेव्हा वनस्पतींकडे वळायची लोकांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण एकाबद्दल शंका आहे म्हणून दुसऱ्याला बिनपरीक्षेचं पास करायचं, हा कुठला न्याय?

आता मला जो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. हे क्रीम कुणासाठी?

ज्यांच्याकडे दुपारी बारा ते चार घरात किंवा ऑफिसात पंख्याखाली बसायची सोय आहे, त्यांच्यासाठी. त्यातही बऱ्याच जणींना ते उन्हापासून वाचायला नको असतं, गोरं दिसायला हवं असतं. इलॅजिक आम्ल कातडीतला रंग तयार होण्याची क्रिया मंदावतं, आणि जपानमध्ये नव्वदच्या दशकातच त्याला डाग उजळवणारं द्रव्य म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द गेला, लोकांच्या मनातून कुठे गेलाय? मला भीती आहे ती ही, की डाळिंबाची साल उन्हाच्या नावाने बाजारात येईल आणि गोरेपणाच्या नावाने खपेल. सावळी कातडी हा काही आजार नाही. उलट तिच्यातलं मेलॅनिन हेच आपलं पहिलं सनस्क्रीन, जन्मापासून अंगावर असलेलं. अर्थात त्यानेही सगळं भागत नाही. वांग, काळे डाग, सुरकुत्या, डोळ्यांचं नुकसान ऊन सावळ्या माणसालाही देतंच.

आणि खरं ऊन कुणाच्या वाट्याला येतं? भर उन्हात कांदा काढणाऱ्या बायका, ऊसतोडीच्या टोळ्या, रस्त्यावर डांबर टाकणारे, चौकात उभा असलेला पोलीस, नव्या पेठेत गाड्यावर फळं विकणारी मावशी. त्यांच्यासाठी हिशोब करून बघा. चेहरा, मान आणि कोपरापासून खालचे दोन्ही हात, एवढ्या भागाला चाचणीत लावतात त्या प्रमाणात क्रीम लावायचं म्हटलं तर एका वेळेला पाचेक ग्रॅम लागतं. घामाने ते जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसातून तीनदा धरलं तरी १५ ग्रॅम. म्हणजे पन्नास ग्रॅमची चार-पाचशे रुपयांची ट्यूब तीन-चार दिवसांत संपली, महिन्याला आठ-नऊ ट्यूबा! शेतमजुरीवर जाणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती हसेल, आणि बरोबर हसेल.

ती काय करते ते आपण रोज बघतो. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला-तोंडाला फडकं किंवा टॉवेल गुंडाळते, वर पदर घेते. फॅशनच्या दृष्टीने अवतार दिसत असेल, पण उन्हाच्या दृष्टीने याहून शहाणपणाचं काही नाही. कापड घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी लावावं लागत नाही.

आणि इथेच मला सालीची खरी जागा दिसते.

क्रीमला जसा एसपीएफ, तसा कापडाला यूपीएफ असतो. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये त्याचं मानक तयार केलं. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग किरण आत येतात. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा यूपीएफ अनेकदा १० च्या आतच असतो आणि घामाने ओलं झालं की आणखी घसरतो. विणकर जेवढी दाट वीण घालेल तेवढा तो वाढतो. रंगानेही वाढतो. डाळिंबाच्या सालीने रंगवलेल्या सुती कापडाची अतिनील किरण अडवायची ताकद वाढते, हे कापडांवरच्या प्रयोगांत दिसून आलेलं आहे. जे टॅनिन कातडीवर टिकत नाही, पसरत नाही, मोजता येत नाही, तेच सुताला घट्ट धरून बसतं. तुरटी घालून रंगवलं तर मोहरीसारखा पिवळा येतो, हिराकस घातला तर राखाडी-काळपट. आणि आपलं गाव कशाचं आहे? सुताचं! चादरीला २००५ सालीच मानांकन मिळालेलं, टॉवेलचे माग अजून खडखडतायत, शाळेच्या गणवेशांचा धंदा वाढलेला. एका हाताला डाळिंब आणि दुसऱ्या हाताला माग असलेली गावं जगात किती असतील?

शिवाय कचऱ्याच्या हिशेबातही हेच बरं. क्रीममध्ये अर्क चिमूटभर जाणार, त्याने ढीग कसा संपेल? रंगाईला साल किलोंनी लागते. रंग काढायला परदेशातून यंत्र आणायची गरज नाही, पाण्यात उकळली की झालं. साल मिळाल्याबरोबर वाळवावी लागते, नाहीतर बुरशी धरते. पण आमच्याकडे वाळवणाला ऊन कमी आहे असं कोण म्हणेल?

यातही मेख आहेत, त्या झाकून ठेवत नाही. धुलाईत रंग किती टिकतो, पंचवीस धुण्यांनंतर यूपीएफ किती उरतो, रंगाईचं पाणी कुठे सोडणार, रासायनिक रंगाशी किमतीत कसं झुंजणार, हे सगळे खरे प्रश्न आहेत. पण हे प्रश्न कापडाच्या प्रयोगशाळेत यंत्रावर मोजता येतात. माणसाच्या पाठी लाल करून बघाव्या लागत नाहीत. कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्टच करायचा असेल तर याहून चांगला विषय कुठला?

मग प्रसाधनात सालीला जागाच नाही का? आहे की. झिंक ऑक्साईडच्या क्रीममध्ये जोडीदार म्हणून ती घालावी. किरण खनिजाने अडवावेत आणि जे थोडे निसटले त्यांनी केलेली खराबी सालीने आवरावी. पण मग डबीवर तसं लिहावं, आकडा लिहायचा तर रीतसर चाचणी करून लिहावा. आणि बचत गटांना प्रदर्शनात ढकलणाऱ्या साहेब लोकांनी त्यांना एवढं तरी सांगावं, की विक्रीसाठी प्रसाधन बनवायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. उद्या कुणाच्या चेहऱ्यावर फोड आले तर डबी विकणारी बाई अडकते, व्हिडिओ बनवणारा नाही.

अशी डबी तुमच्या हातात आली तर उलटून मागची बाजू वाचा. नुसताच 'नैसर्गिक' असेल आणि चाचणीचा पत्ता नसेल तर चेहऱ्याला लावा हवं तर, पण घरातच बसा. बाहेर जायचं असेल तर छत्री, टोपी, दाट विणीचं पूर्ण बाह्यांचं कापड, आणि परवडत असेल तर नीट तपासलेलं क्रीम.

आणि हो, यंदा डाळिंब खाल तेव्हा साल फेकू नका, वाळवून ठेवा. चेहऱ्याला लावायला नाही. घरातला एखादा जुना पांढरा टॉवेल रंगवून बघायला.